डोळ्यातील लोखंडाचा कण आणि ऑक्सिजनचे माप

भिलाई हे नाव उच्चारताच पोलाद आठवते. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. करार झाला तेव्हा दुर्ग जिल्हा हा नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेश राज्याचा भाग होता आणि त्या राज्याच्या राजभाषा हिंदी व मराठी अशा दोन होत्या. आज भिलाई छत्तीसगढ राज्यात आहे. तरी तेथील मराठी घरांचे विदर्भाशी असलेले नाते तुटलेले नाही. दल्ली-राजहराच्या खाणींतील धातुक येथे येते, वितळते आणि रूळ, तुळया व पत्रे यांच्या रूपाने देशभर जाते.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र या प्रचंड कारखान्याच्या मानाने अगदीच क्षुद्र वाटेल. तो आहे लोखंडाचा एक कण. वाळूच्या बारीक कणाहूनही लहान. पोलादाच्या गावी मोठ्या कारखान्याभोवती लहान लहान कार्यशाळा उभ्या राहतात. तेथे दरवाजे, जाळ्या, ट्रॉल्या तयार होतात. फिरत्या चाकावर लोखंड घासले जाते आणि ठिणग्यांचा पंखा उडतो. ती प्रत्येक ठिणगी म्हणजे लोखंडाचा एक तापलेला कण होय. त्यांपैकी एखादा डोळ्यात जाऊन रुतून बसतो. कारागीर डोळा चोळतो, पाण्याचा हबका मारतो आणि तरीही खुपत राहिले तर शेजारच्या सोबत्याला म्हणतो, “अरे, जरा बघ रे काय गेलंय ते.” सोबती रुमालाच्या टोकाने किंवा आगकाडीने तो कण उचकटून काढतो. दोघेही कामाला लागतात.

या साध्या प्रसंगात शरीराच्या रसायनशास्त्रातील एक मोठा नियम दडलेला आहे. तो समजून घेतला, तर त्या आगकाडीसंबंधी आणि हल्ली औषधांच्या दुकानांत ज्यांची फार स्तुती चालते त्या ‘ऑक्सिडीकरण-विरोधी’ गोळ्यांसंबंधीही आपले मत बदलल्यावाचून राहणार नाही, असे मला वाटते.

रक्तावाचून जगणारा भाग

डोळ्याच्या काळ्या भागावर घड्याळाच्या काचेप्रमाणे बसविलेला जो पारदर्शक पडदा असतो, त्यास स्वच्छमंडल म्हणतात. त्याची मध्यभागी जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर असते. त्याच्या सर्वांत बाहेरच्या बाजूस पेशींचे पाच ते सात थर असतात. या अधिस्तराची जाडी एका मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकी, म्हणजे कागदाच्या पानाहूनही कमी भरेल. त्याच्या आत तंतूंचा जाड, सुव्यवस्थित थर असतो. तंतूंची ही शिस्तबद्ध मांडणी टिकून असते तोवर प्रकाश विनासायास आत जातो. ती विस्कटली की त्या जागी पांढुरका डाग पडतो. आपल्याकडे ‘डोळ्यात फूल पडले’ असे म्हणतात ते यालाच.

स्वच्छमंडलात रक्तवाहिन्या नाहीत. असत्या तर आपणांस त्यांच्या जाळीतूनच जग पाहावे लागले असते. रक्त नसल्यामुळे त्याचा बाह्य भाग आपला ऑक्सिजन थेट हवेतून, अश्रूंच्या पातळ थरातून घेतो. शरीरातील इतर बहुतेक पेशी रक्ताच्या आडोशाने राहतात. या पेशी मात्र उघड्या हवेत, उन्हाच्या व ऑक्सिजनच्या सततच्या माऱ्यात उभ्या असतात. म्हणूनच ऑक्सिजनशी जपून वागण्याची जी कला सर्व सजीवांना शिकावी लागली, तिचा अभ्यास करण्यास स्वच्छमंडलाइतके योग्य स्थान क्वचितच सापडेल.

ऑक्सिजनची तापट भावंडे

आपण श्वासावाटे घेतो त्या ऑक्सिजनचे रूपांतर अखेरीस पाण्यात होते. या वाटेवर ऑक्सिजनचा रेणू एकूण चार इलेक्ट्रॉन स्वीकारतो. ते एकदम न मिळता एकेक करून मिळाले, तर मधल्या पायऱ्यांवर काही अस्थिर पदार्थ तयार होतात. पहिल्या पायरीवर सुपरऑक्साइड, दुसरीवर हायड्रोजन पेरॉक्साइड आणि तिसरीवर हायड्रॉक्सिल मूलक. या सर्वांना मिळून क्रियाशील ऑक्सिजन असे म्हणतात.

तिघांचे स्वभाव मात्र भिन्न आहेत. सुपरऑक्साइड फार काळ टिकत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड त्या मानाने शांत असून पेशीच्या आवरणातून आरपार जाऊ शकते. हायड्रॉक्सिल मूलक मात्र जन्मताच शेजारी जे काही सापडेल, मग ते मेद असो, प्रथिन असो किंवा आनुवंशिक द्रव्य असो, त्यावर तुटून पडते. त्याला आवर घालणारे एंझाइम निसर्गात नाही. त्याला जन्मू न देणे हाच काय तो उपाय.

शरीराने त्याप्रमाणे बंदोबस्त करून ठेवला आहे. १९६९ साली जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, सुपरऑक्साइडचा निकाल लावणारे एक एंझाइम प्राण्यांच्या शरीरात असते. पेरॉक्साइडचे पाणी करणारी एंझाइमे निराळी आहेत. डोळ्याच्या पुढील कप्प्यातील पाण्यात क जीवनसत्त्वाचे प्रमाण रक्तद्रवातील प्रमाणाच्या सुमारे वीसपट असते, तेही याच बंदोबस्ताचा भाग होय. एवढी तयारी पाहून शास्त्रज्ञांनी स्वाभाविकपणेच असा निष्कर्ष काढला की, क्रियाशील ऑक्सिजन हा शरीराचा शत्रू आहे. पुष्कळ वर्षे पाठ्यपुस्तकांतही तेच लिहिले गेले. हा निष्कर्ष चूक नव्हता, पण अर्धा होता.

जखमेचा पहिला निरोप

उरलेला अर्धा भाग हळूहळू उजेडात आला. २००९ साली हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी झेब्रा नावाच्या लहान माशाची पिले घेतली. ही पिले काचेसारखी पारदर्शक असल्यामुळे त्यांच्या जिवंत शरीरात काय चालले आहे ते सूक्ष्मदर्शकातून दिसते. पेरॉक्साइडचा स्पर्श होताच ज्याची चकाकी बदलते असे एक प्रथिन त्यांनी या पिलांच्या पेशींत आधीच घालून ठेवले होते. शेपटीच्या पराला छेद देताच कापलेल्या काठावर हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होऊ लागले. काठावर दाट आणि आत विरळ होत जाणारा त्याचा एक पट्टा पसरला व सुमारे २० मिनिटांत त्याचे प्रमाण शिखरास पोहोचले. त्यानंतर मग रक्तातील पांढऱ्या पेशी जखमेकडे धावत आल्या. पेरॉक्साइड तयार करणारे एंझाइम रोखले असता त्या पेशी तशा आल्या नाहीत. याचा अर्थ, पेरॉक्साइड हे जखमेतून निघालेले केवळ धूर-धुराडे नव्हते. ती मदतीसाठी दिलेली हाक होती.

स्वच्छमंडलाच्या बाबतीतही हेच सूत्र लागू पडते. त्याच्या अधिस्तराला ओरखडा पडला की, कडेच्या पेशी प्रथम चपट्या होऊन उघड्या जागेवर सरकू लागतात. मग मागच्या पेशी विभागून त्यांची जागा भरून काढतात. लहानसा ओरखडा एक-दोन दिवसांत बुजतो. या पेशींना ‘सरका, वाढा’ अशी आज्ञा देणाऱ्या पदार्थांपैकी एक अधिस्तराचा वृद्धिकारक म्हणून प्रसिद्ध आहे. त्याचा शोधही योगायोगाने डोळ्याशीच निगडित आहे: स्टॅन्ली कोहेन यांनी उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क नवजात पिलांना टोचला, तेव्हा त्यांच्या पापण्या नेहमीपेक्षा पुष्कळच लवकर उघडल्या, आणि त्या अर्कातून १९६२ साली हा पदार्थ वेगळा झाला. पुढे १९८६ साली कोहेन यांना रीटा लेव्ही-मोंताल्चीनी यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

हा वृद्धिकारक पेशीवर येऊन बसला की पेशी स्वतःच थोडे पेरॉक्साइड तयार करते. कशासाठी? पेशीत काही एंझाइमे अशी असतात की, ती वाढीच्या आज्ञेवर सतत लगाम ठेवतात. पेरॉक्साइड हा लगाम काही काळ सैल करते. आज्ञा पुढे पोहोचते. पेरॉक्साइड नाहीसे होताच लगाम पुन्हा आवळला जातो. स्वच्छमंडलाच्या पेशींवर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत क्रियाशील ऑक्सिजन शोषून घेणारी द्रव्ये मिसळली असता वृद्धिकारकाचा परिणाम मंदावला आणि जखम भरून येण्याची गती कमी झाली. ज्याला आपण विष समजत होतो, तेच येथे निरोप्याचे काम करीत होते.

जंतूंशी लढण्याच्या कामीही हेच द्रव्य लागते. पांढऱ्या पेशी जंतूंना गिळून त्यांच्यावर सुपरऑक्साइड व पेरॉक्साइड यांचा मारा करतात. ज्या बालकांमध्ये ही द्रव्ये निर्माण करणारे एंझाइम जन्मतः सदोष असते, त्यांना बुरशी व जंतू यांचे गंभीर आजार पुन्हा पुन्हा होतात. क्रियाशील ऑक्सिजन समूळ नाहीसा करावा असे म्हणणाऱ्यांनी या बालकांची अवस्था ध्यानात घ्यावी.

लोखंड येते आणि माप चुकते

आता तो भिलाईचा कण पुन्हा डोळ्यापुढे आणू या. १८९४ साली केंब्रिज येथील एच. जे. एच. फेंटन यांनी असे नोंदविले की, लोहाच्या क्षाराचा अंश असताना हायड्रोजन पेरॉक्साइड टार्टरिक आम्लावर फार जोमाने क्रिया करते. या क्रियेचे मर्म पुढे उलगडले: लोह पेरॉक्साइडला एक इलेक्ट्रॉन देते आणि त्यातून हायड्रॉक्सिल मूलक जन्मास येते. म्हणजे शांत निरोप्याचे रूपांतर क्षणात जाळपोळ करणाऱ्यात होते.

लोखंडाचा कण स्वच्छमंडलात रुतला की त्यास अश्रू व हवा मिळते. काही तासांतच तो गंजू लागतो आणि त्याच्याभोवती तांबूस-तपकिरी वलय दिसू लागते. लोहाचे कण आसपासच्या थरात झिरपतात. आणि नेमकी हीच जागा जखमेची असल्यामुळे पेरॉक्साइड तेथे हजरच असते! जखम भरण्यासाठी शरीराने जे द्रव्य मोजून काढले, त्यातच लोखंड बाहेरून येऊन मिसळते. माप चुकते. दाह वाढतो, जखम रेंगाळते, गंजाचा डाग मुरत जातो.

निसर्गाला हा धोका अपरिचित नाही, हे विशेष. आपल्या अश्रूंत लॅक्टोफेरिन नावाचे प्रथिन असते; मोकळे लोह दिसताच ते त्यास बांधून ठेवते. याहून नवलाची गोष्ट १९९७ साली अमेरिकेतील टफ्ट्‌स विद्यापीठात आढळून आली. लोह साठविणारे फेरिटिन हे प्रथिन सामान्यतः पेशीद्रव्यात असते. परंतु कोंबडीच्या गर्भाच्या स्वच्छमंडलातील अधिस्तरपेशींत ते केंद्रकाच्या आत, आनुवंशिक द्रव्याजवळ आढळले. अतिनील किरणांपासून त्या द्रव्याचे रक्षण त्यामुळे होते, असे प्रयोगांत दिसून आले. जिथे प्रकाश व ऑक्सिजन दोन्ही विपुल आहेत, तेथे लोह मोकळे सोडणे परवडणारे नाही, हे उत्क्रांतीने ओळखले आहे. मात्र हा सर्व बंदोबस्त शरीरातील अल्पशा लोहासाठी आहे. फिरत्या चाकावरून उडालेल्या आख्ख्या कणापुढे तो अपुरा पडतो.

गोळी, थेंब आणि आगकाडी

येथवरचे विवेचन मान्य असेल, तर त्यातून तीन गोष्टी निष्पन्न होतात असे मला वाटते.

पहिली अशी की, ‘मुक्त मूलके वाईट, त्यांचा नाश करणारे सर्व काही चांगले’ हे सुटसुटीत सूत्र आपण शाळेतून व जाहिरातींतून काढून टाकले पाहिजे. ऑक्सिडीकरण-विरोधी द्रव्ये निरुपयोगी आहेत असे मुळीच नव्हे. क्षाराने डोळा भाजला असता पुढील कप्प्यातील क जीवनसत्त्व घटते, आणि ते लवकर पुरविल्यास सशांच्या डोळ्यांतील व्रण कमी होतात, असे रॉझवेल फिस्टर यांच्या १९७० च्या दशकापासूनच्या प्रयोगांनी दाखविले. परंतु तेथे उणीव होती व ती भरून काढली गेली. उणीव नसताना, जखमेचे स्वरूप न पाहता, कोणतेही द्रव्य ओतणे म्हणजे उपचार नव्हे. भिलाईच्या विद्यार्थ्यांना हे समजण्यास दूर जावयास नको. पोलाद करताना वितळलेल्या लोखंडात ऑक्सिजनचा झोत सोडून जादा कार्बन जाळतात. पण शेवटी पोलादात ऑक्सिजन उरला तर ते सदोष होते, म्हणून सिलिकॉन वा ॲल्युमिनियम घालून तो बांधून टाकतात. झोतच बंद केला तर पोलाद होत नाही आणि उरलेला ऑक्सिजन तसाच ठेवला तर पोलाद टिकत नाही. डोळ्याची गोष्ट याहून वेगळी नाही.

दुसरी गोष्ट आगकाडीची. लोखंडाचा कण लवकर निघाला पाहिजे हे खरे. पण तो निर्जंतुक साधनाने, भिंगाखाली पाहून, जाणत्या हातानेच निघाला पाहिजे. आगकाडीने कणाचा वरचा भाग निघतो, गंज आत राहतो, अधिस्तर अधिक फाटतो आणि जंतूंना वाट मिळते. दूध, तूप, मध घालणे हे त्याहून वाईट. तितकेच वाईट म्हणजे दुकानातून आणलेले थेंब. बधिर करणारे थेंब वेदना थांबवितात, पण पेशींचे सरकणेही थांबवितात. दाह शमविणारे स्टेरॉइडचे थेंब जंतूंना मोकळे रान देतात. ‘दुखत नाही म्हणजे बरे झाले’ ही समजूत डोळ्याच्या बाबतीत घातक आहे. चुना डोळ्यात उडाला तर मात्र क्षणाचाही विलंब न करता स्वच्छ पाण्याची धार निदान पंधरा मिनिटे धरावी आणि मग दवाखाना गाठावा. पानतंबाखूच्या चुन्याच्या पुड्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. रसायनशास्त्र कितीही पुढे गेले, तरी कणाला आत येऊ न देणारा चष्मा हाच सर्वांत उत्तम उपाय राहील. उडणाऱ्या कणांपासून व प्रखर प्रकाशापासून डोळ्यांचे रक्षण करण्याची तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ३५ व्या कलमात होती. तथापि तो अधिनियम सामान्यतः यंत्रशक्ती वापरणाऱ्या दहा वा अधिक कामगारांच्या कारखान्यांपुरता होता. दोन-चार माणसांच्या कार्यशाळेपर्यंत त्याचा हात पोहोचत नसे, आणि ठिणगी तर तेथेही तशीच उडते.

यावर कोणी म्हणेल की, चष्मे दिले तरी कारागीर ते घालत नाहीत. हे पुष्कळदा खरे असते. पण छत्तीसगढच्या वैशाखात, तापलेल्या पत्र्याखाली, घामाने धुरकटणारा आणि कानशिलाला रुतणारा स्वस्त चष्मा दिवसभर घालून पाहावा, मग कारागिरास दोष द्यावा. ज्यातून नीट दिसत नाही असा चष्मा हाताला इजा करवितो. चेहऱ्याला बसणारा, बाजूने बंद पण हवा खेळती ठेवणारा, ओरखडे पडल्यावर बदलून मिळणारा चष्मा ही चैन नव्हे. ते पान्याइतके आणि हातोडीइतकेच आवश्यक हत्यार आहे. त्याचा खर्च मालकाने कामाच्या खर्चात धरावा. वेल्डिंग करणाऱ्यांच्या मदतनिसांनाही हेच लागू आहे. ठिणगीकडे नुसते पाहत उभ्या असलेल्या मुलाचे डोळे अतिनील किरणांनी होरपळतात आणि कित्येक तासांनी, मध्यरात्री, वाळू घातल्याप्रमाणे खुपू लागतात, हे घरोघरी ठाऊक असावयास हवे.

हा प्रश्न लहान मानू नये. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय अंधत्व पाहणीत ५० वर्षांखालील अंधांमध्ये स्वच्छमंडलाची अपारदर्शकता हे प्रमुख कारण आढळले. मोतीबिंदू बहुधा उतारवयात येतो आणि शस्त्रक्रियेने दूर होतो. फूल मात्र कमावत्या वयात पडते, आणि ते काढावयाचे तर मृत व्यक्तीच्या नेत्रदानाची वाट पाहावी लागते.

समारोप

विज्ञानाचा उपयोग काय, असे विद्यार्थी कधी कधी विचारतात. ‘डोळा चोळू नकोस, आगकाडी लावू नकोस’ ही सूचना तर आजीही देते. त्यासाठी फेंटन आणि फेरिटिन कशाला हवेत? माझे उत्तर असे की, कारण न सांगता दिलेली सूचना घाईच्या वेळी विसरली जाते. कारण कळले की ती हाताला आवरते. स्वच्छमंडलाच्या पेशी जखमेच्या काठावर मोजून ऑक्सिजन वापरीत असतात, आणि आपल्या हातातील आगकाडी, थेंब किंवा दिरंगाई ते माप बिघडविते, हे ज्या कारागिराला एकदा समजले तो सोबत्याला दवाखान्याचा रस्ता दाखवील. आणि ज्या मालकाला समजले, तो बहुधा आधी चष्मा आणील.

ज्या गावाने देशाला रूळ दिले, त्याच्या मुलांनी हे माप सर्वांच्या आधी शिकावे, एवढीच अपेक्षा आहे.